घरात आढळलेल्या व्यक्तींची संख्या

तुम्ही सगळे मला विचारता ना, की सुट्टीच्या दिवशी ही गायब कुठे असते, तर आज सांगूनच टाकते. मध्ये बोलू नका फक्त, माझी लिंक तुटते, आणि हे सगळं झालंय त्यात थोडी चूक माझीपण आहे, ती पहिल्यांदा सांगते, म्हणजे सुटले.

माझ्या दोन आज्या आहेत. एक माझी सख्खी, बाबांची आई, ती धाकटी. दुसरी तिची जाऊ, ती थोरली. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही कधीच गेले, आणि या दोघी बावन्न वर्षं एकाच घरात. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे गल्लीवर उघडणारी खिडकी, बस. आम्ही बाकीचे कामासाठी पांगलो, या तिथेच. आणि बावन्न वर्षांत धाकटीने थोरलीला एकदाही अरेतुरे केलं नाही. "अहो जाऊबाई, तुमच्या चष्म्यावर तुम्हीच बसलायत" असं बोलणार, म्हणजे टोमणाही अहो-जाहोत.

दोघी कपड्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. थोरली काजं करायची, धाकटी बटणं लावायची, एकाच टेबलावर समोरासमोर. थोरलीने काज केलं की शर्ट सरकवायचा, धाकटीने बटण लावायचं. तीस वर्षं. घरी पण तसंच. एकीने भाजी चिरायची, दुसरीने फोडणी टाकायची. भांडणसुद्धा एकीने सुरू करायचं आणि दुसरीने संपवायचं.

आता थोरलीचे हात कापतात. कप धरला की बशीत निम्मा चहा. पण नजर अशी, की गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातलं पेन दिसतं. आणि धाकटीचे हात अजून दगडासारखे स्थिर, पण डोळे गेलेत, सगळं धुरकट दिसतं. म्हणजे बघा, दोघी मिळून एक धडधाकट बाई. सकाळी धाकटी थोरलीच्या स्वेटरची आठ बटणं लावून देते, चाचपडत, वरून खाली, आणि मग थोरली खिडकीशी बसून गल्ली वाचून दाखवते. "दूधवाला आला. आज मुलाला पाठवलंय, स्वतः झोपला असेल. समोरच्या सुनेने नवीन चप्पल घेतली, टाच उंच आहे, पडणार ही." आणि धाकटी आतून, "कुठल्या रंगाची?" असं रोज, अकरा वर्षं.

आता चूक. थोरलीचे हात कापायला लागले तेव्हापासून तिच्या पेन्शनच्या कागदांवर धाकटी सही करते. दोघींना वाटायचं यात काय एवढं. घरातलंच माणूस. थोरलीने काज केलं, धाकटीने बटण लावलं, तसंच हे. ही एक गोष्ट झाली.

दुसरी, जन्मतारीख. कारखान्याने बायकांची नोंदणी केली तेव्हा तिथला मुकादम चाळीस फॉर्म घेऊन बसला एका दुपारी. कोणालाच जन्मतारीख माहीत नाही. त्याने काय करावं, स्वतःची जन्मतारीख सगळ्यांना वाटून टाकली. सालसुद्धा. म्हणजे त्या कारखान्यातल्या चाळीस बायका आणि तो मुकादम, सगळे एकाच दिवशी जन्मले. खरं तर थोरली पाच वर्षांनी मोठी, पण कागदावर दोघी जुळ्या.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मी. मी दुकानात काय करते तुम्हाला माहितीये, फॉर्म भरून देते, दिवसाला तीस-चाळीस. गेल्या वर्षी पेन्शनचं सगळं ऑनलाइन करायचं आलं, तर मी म्हटलं, "द्या इकडे, पाच मिनिटांचं काम." आणि दोघींच्या फॉर्मवर फोन नंबर कोणाचा टाकला? माझा. दोघींकडे फोन नाही, मेसेज मला येतील, बरंच झालं, असं वाटलं. तो मुकादम आणि मी, एकाच माळेचे मणी.

तर पाच महिन्यांनी पत्र आलं. धाकटीच्या नावाने. मी वाचून दाखवलं. लिहिलं होतं, की आपण दोन नावांनी दोन पेन्शन घेत असल्याचं आढळलं आहे, त्यातलं दुसरं नाव बंद करण्यात आलं आहे. आणि दुसरं नाव म्हणजे थोरलीचं.

दोघी आधी खूप हसल्या. धाकटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही मीच आहात."

थोरली म्हणाली, "तू खरी आणि मी खोटी, हे कसं ठरलं?"

"नंबर माझा आधीचा आहे म्हणून."

"असणारच. रांगेत तू नेहमी मध्ये घुसायचीस."

मग हसणं थांबलं, कारण थोरलीचं हातांचं औषध, रक्तदाबाच्या गोळ्या, घरभाड्यातला तिचा निम्मा वाटा, सगळं त्या पेन्शनवर. मुलगा देतो तिला, नाही असं नाही, पण थोरलीचं एकच म्हणणं, "मुलाने द्यावं ते सणवार म्हणून, पगार म्हणून नको."

मी पेन्शनच्या ऑफिसला गेले. टोकन घेतलं, अडीच तास बसले. पाच नंबरच्या खिडकीत एक चष्मेवाला. आता तुम्हाला वाटेल तो खडूस असेल, तर अजिबात नाही, उलट इतका गोड माणूस, की राग काढायची सोय नाही. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि सांगितलं, "ताई, हे बघा. सिस्टीम पाच गोष्टी ताडून बघते. आडनाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, सही. पाचही जुळल्या की ती म्हणते माणूस एकच."

मी म्हटलं, "अहो पण पहिलं नाव वेगळं आहे ना?"

"बायकांची लग्नाआधीची-नंतरची दोन नावं असतात, म्हणून पहिलं नाव ती धरतच नाही."

"आणि फोटो?"

"फोटो फाईलमध्ये असतो. सिस्टीम फोटो बघत नाही."

मग त्याने दोन सह्या शेजारी शेजारी दाखवल्या. नावं वेगळी, पण शेवटच्या अक्षराखाली तीच शेपूट, धाकटीची. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी फळ्यावरच्या सूचना वाचायला लागले. तो हळूच म्हणाला, "हात कापतात का आजींचे?"

मी म्हटलं, "हो."

"मग यापुढे अंगठा घ्या. मागचं मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका."

पुढच्या आठवड्यात मी दोघींना घेऊन गेले. मला वाटलं, दोन बायका समोर उभ्या केल्या की संपलं, यापेक्षा मोठा पुरावा काय असतो. दोघी खिडकीसमोर हातात हात घालून उभ्या, एकीला दिसत नाही, दुसरीला धरवत नाही. थोरली म्हणाली, "मोजा."

चष्मेवाला उठून उभा राहिला, मान देऊन. म्हणाला, "आजी, मला दिसतायत हो दोन. पण मला दिसलेलं भरायला इथे जागाच नाही."

धाकटी म्हणाली, "मला पण तुम्ही नीट दिसत नाही, तरी मी म्हणतेय का तुम्ही नाही आहात?"

तो हसला, मागच्या रांगेतली माणसंही हसली. पण हसून काय होतंय. त्याने समजावून सांगितलं, की पाचातल्या तीन गोष्टी वेगळ्या झाल्या तर गाठ आपोआप सुटते. फोन वेगळा घेता येईल. सहीच्या जागी अंगठा. झाल्या दोन. आडनाव बदलत नाही. जन्मतारीख बदलायला जन्माचा दाखला लागतो.

थोरली म्हणाली, "आमचा दाखला आमची आई होती."

राहिला पत्ता. म्हणजे दोघींपैकी एकीने दुसरीकडे राहायला जायचं. नुसतं कागदावर नाही, तपासनीस घरी येऊन बघून जातात, न सांगता. दोन्ही घरी. तीन महिन्यांत कधीही. भेटायला गेलं तर हरकत नाही, राहायला नको.

मी लगेच म्हटलं, "नुसता पत्ता टाकू. तपासनीस यायचे त्या दिवशी बघू." धाकटीने माझा हात दाबला, दुखेल असा. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांची सही केली तेवढी लबाडी पुरे. त्यातूनच हे उपटलंय."

अंगठ्याचं राहिलं बघा सांगायचं. थोरली सही करायला शिकली चाळिसाव्या वर्षी, कारखान्याच्या रात्रीच्या वर्गात. पगाराच्या वहीत अंगठ्यांच्या मध्ये हिची एक सही, त्याचा कोण अभिमान होता तिला. त्या दिवशी चष्मेवाल्याने शाईचं पॅड पुढे केलं, तिने अंगठा टेकवला, आणि इतकंच म्हणाली, "चाळिसाव्या वर्षी अंगठा धुतला होता. ऐंशीव्या वर्षी परत काळा." धाकटी रुमाल ओला करून तो अंगठा पुसत बसली बाकावर. तिला दिसतही नव्हतं शाई गेली की नाही. पुसत राहिली.

थोरली गेली काकाकडे. काका म्हणजे तिचा मुलगा, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सहाव्या मजल्यावर घर. काका-काकू चांगले आहेत हां, उगाच कोणाला नावं ठेवायची नाहीत. स्वतंत्र खोली दिली, पलंगाला धरायला दांडा लावून घेतला. एक पिशवी घेऊन गेली ती, तीन महिन्यांपुरती.

सगळी गंमत तिथून सुरू झाली, म्हणजे गंमत नाही, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय ते. काकूच्या लक्षात आलं की आईंना बटणं लावता येत नाहीत. तिने काय केलं, प्रेमाने, खरंच प्रेमाने, डोक्यातून घालायचे चार ढगळ गाऊन आणले आणि तो बटणांचा स्वेटर धुऊन कपाटात ठेवला. थोरलीने काकूला नाही, मला सांगितलं, "तीस वर्षं काजं केली गं मी, आणि आता माझ्या अंगावर एक काज नाही."

फोन घेऊन दिला मी तिला, वेगळ्या नंबरचा. आणि धाकटीला एक, कारण एकीला फोन देऊन ती बोलणार कोणाशी? पण दोघींना फोनवर बोलता येईना. बावन्न वर्षं शेजारी बसलेल्या बायका, त्यांना काय विचारपूस करायची सवय असणार? एकदा मी धाकटीकडे होते तेव्हा फोन आला. मी स्पीकर लावला. बराच वेळ दोन्हीकडून नुसता श्वास. मग थोरलीने तिथल्या खिडकीतून सुरू केलं. "एक लाल गाडी गेली."

धाकटी म्हणाली, "कोण होतं आत?"

"इथून कळत नाही."

"बरं."

"अजून एक गेली. पांढरी."

"कुठे चाललीये?"

"ते पण नाही कळत गं."

अशा पाच-सहा गाड्या झाल्यावर धाकटी म्हणाली, "ठेवते, पैसे जात असतील." आता पैसे जात नाहीत तसे, पॅक असतो, पण मी बोलले नाही.

आणि इकडे धाकटीने खिडकी उघडणंच बंद केलं. मी म्हटलं, "अगं आजी, हवा तरी येऊ दे." तर म्हणे, "हवा मागच्या दारानेपण येते." शेजारणीने सांगितलं, तीन दिवस ही एकच भाजी खातेय, कारण फडताळात कुठला डबा कुठे सरकलाय हे सांगायला कोणी नाही. एकदा गरम तव्यावर हात ठेवला. तळहातावर पट्टी. मला सांगितलं, "कडी लागली." मी पट्टी सोडून बघितली तेव्हा कळलं. ज्या हाताने बटणं लावायची, तोच हात.

म्हणून मी गुरुवार धरला. माझी सुट्टी. सकाळी काकाकडे जायचं, थोरलीला रिक्षात घालून घरी आणायचं, संध्याकाळी परत सोडायचं. भेटायला हरकत नाही म्हणाले होते ना. ती आली की पहिलं काम, पिशवीतून स्वेटर काढायचा, काकूच्या कपाटातून गुपचूप आणलेला, आणि धाकटीने आठ बटणं लावायची. संध्याकाळी निघताना आठ काढायची. लावताना जेवढा वेळ लागायचा ना, काढताना त्याच्या दुप्पट लागायचा. मी घड्याळ बघायचे आणि मग बघणं सोडून दिलं.

अकराव्या आठवड्यात, गुरुवारी, दार वाजलं. बाई होती एक, पन्नाशीची, खांद्याला जड पिशवी, जिना चढून आल्यासारखा दम, आणि आमच्याकडे तर जिनाच नाही. गळ्यात ओळखपत्र. तपासनीस.

थोरली समोर खिडकीत बसलेली, स्वेटर घालून, पाय वर घेऊन, अगदी घरच्यासारखी. मी पटकन म्हटलं, "भेटायला आल्यात." खोटं नव्हतं ते. भेटायलाच आणलं होतं.

बाई म्हणाली, "पाणी द्या आधी." बसली, पाणी प्यायली, कागद काढायला वाकली आणि तिच्या कोटाचं बटण लोंबायला लागलं, एका दोऱ्यावर. धाकटीला दिसलं नाही, पण थोरलीला दिसणारच. ती म्हणाली, "अगं धाकटे, यांचं मधलं बटण निघालंय."

"आणा इकडे," धाकटी म्हणाली.

"अहो राहू दे, मी कामाने आलेय," तपासनीस बाई म्हणाली. पण तोपर्यंत धाकटीने बटणांचा डबा मांडीवर घेतला होता, आणि एकदा तो डबा उघडला की नाही म्हणायची सोय नसते. कोट तिच्या हातात गेला. मग मी नेहमी बघते ते त्या बाईने पहिल्यांदा बघितलं. धाकटीने सुई उजेडाकडे धरली, दोरा दुसऱ्या हातात, आणि थोरली चार हातांवरून सांगतेय, "वर. अजून जरा. तुझ्या डावीकडे. आता घाल." गेला दोरा. मी बघितलंय, या दोघींना दोरा घालायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागतो. मग धाकटी म्हणाली, "दोऱ्याचा रंग?"

"काळा घातलायस. गडद निळा हवा. डब्यात डावीकडे रीळ आहे."

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तू आधी का नाही विचारलंस?"

दोरा परत काढला, परत घातला. पट्टी बांधलेल्या हाताने बटण लावलं धाकटीने, चार टाके, वर वेढा, गाठ, दाताने दोरा तोडला. थोरली म्हणाली, "काज पण उसवलंय त्यांचं, पण ते आता माझ्याच्याने व्हायचं नाही." आणि आपले हात मांडीखाली घालून बसली, कापताना दिसू नयेत म्हणून.

तपासनीस बाईने कोट घातला. बटण ओढून बघितलं. मग कागद गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, "या भेटायला आल्यात ना?" माझ्याकडे बघून विचारलं, म्हणजे अगदी उत्तर हातात देऊन विचारलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

थोरली म्हणाली, "भेटायला पाहुणे येतात. मी इथे राहते. तिकडे मला ठेवलंय."

"जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"थांब गं. अकरा आठवडे झाले. काय व्हायचं ते होऊ दे. पेन्शन नाही तर नाही. एकीच्या पेन्शनमध्ये भागवू, नाहीतरी एकच आहोत म्हणतायत." मग तपासनीस बाईकडे वळून म्हणाली, "त्या पत्रात जी दुसरी आहे ना, जी नाहीये म्हणतात, ती मी."

बाई लिहीत राहिली. घर भाड्याचं. नळ आहे. स्वयंपाकाचा गॅस आहे. मी उलटं वाचत होते, दुकानात सवय झालीय उलटं वाचायची. सगळ्यात खाली एक चौकोन, घरात आढळलेल्या व्यक्तींची संख्या. तिथे ती थांबली. मला वाटलं मला मोजणार की काय. तिने लिहिलं दोन. मग शेजारी दोघींची नावं, आणि त्याखाली आपल्या अक्षरात, "दोघींना एकाच वेळी समोरासमोर पाहिले." मी पाहुणी, मी धरलेच नाही गेले.

"खाली सह्या लागतील," ती म्हणाली आणि थोरलीसाठी शाईचं पॅड काढलं.

थोरलीने पॅड बाजूला सारलं. "पेन द्या."

धाकटीला कागदावर जागा मी दाखवली, तिने सही केली, शेपटीसकट. मग थोरली बसली. तीन मिनिटं लागली तिला, मी खोटं सांगत नाही. मुंग्यांची रांग कोणीतरी फुंकल्यावर कशी होते, तशी सही. मध्ये एकदा पेन पडलं. धाकटीचा हात आपोआप पुढे आला, मनगट धरायला, आणि तिने तो स्वतःच मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. तपासनीस बाई खिडकीबाहेर बघत बसली, घाई नाही काही नाही. सही झाल्यावर कागद उचलून म्हणाली, "या दोन सह्या कोणी एका हाताच्या म्हणणार नाही." आणि गेली. पुढे काय होणार, काही सांगितलं नाही.

संध्याकाळ झाली, सोडायला जायची वेळ. थोरली स्वेटर काढेना, धाकटी बटणांना हात लावेना. शेवटी मीच काकाला फोन केला. तो म्हणाला, "तो पलंगाचा दांडा पाठवून देतो. तिथे लावून घ्या."

तीन आठवड्यांनी चष्मेवाल्याचा फोन आला मला. "तुमचा रिपोर्ट आलाय. पत्त्याचा फरक तर राहिलाच नाही, उलट दोघी एकाच घरात सापडल्यात असं लिहिलंय."

मी म्हटलं, "म्हणजे संपलं."

"नाही ना, ऐका. संख्या दोन लिहिलीय, आणि सही करून पाहिले म्हणून लिहिलंय. मला दिसलेलं मला भरता येत नव्हतं. त्यांना दिसलेलं येतं, तो कागद आहे. मी वर पाठवलंय. वरचे काय म्हणतील सांगता येत नाही. पत्र येईल."

म्हणजे बघा ना, वेगळं राहून त्या दोन ठरणार होत्या, आणि आता ठरल्याच तर ठरणार एकत्र सापडल्या म्हणून. मी हे दोघींना सांगितलं, पण आशा लावली नाही फार. पत्र येईल, एवढंच म्हटलं.

आणि आता हे शेवटचं. मागच्या गुरुवारी गेले मी. घरात शिरले तर काहीतरी वेगळं. खिडकी बंद. थोरलीच्या पलंगाखाली असते ना ती पिशवी, काकाकडे नेलेली, ती उशाशी होती, बंद लावलेला. मी म्हटलं, "कुठे निघालीस?"

थोरलीने मानेने दाखवलं. बटणांच्या डब्याखाली पाकीट. ऑफिसचं. शनिवारी आलेलं. पाच दिवस तसंच.

"अगं, तुला वाचता येतं ना. मला फोन तरी करायचा."

धाकटी म्हणाली, "तू कामात असशील."

थोरली म्हणाली, "वाचलं असतं तर निघावं लागलं असतं. नाही वाचलं तर गुरुवारपर्यंत तरी राहता आलं." आणि मग कळलं मला, की पाच दिवस तिने पलंगावर पाठ टेकली नव्हती नीट, आणि धाकटी पण जागी, कारण हिची कूस बदलल्याचा आवाज येत नव्हता.

मी उभ्यानेच फोडलं. वाचलं. पेन्शन पुन्हा चालू. दोन स्वतंत्र व्यक्ती म्हणून नोंद. तपासणीच्या तारखेपासून. आधीच्या महिन्यांचं देय नाही.

धाकटीने विचारलं, "तपासणीच्या तारखेपासून म्हणजे?"

"म्हणजे त्या गुरुवारपासून थोरली आजी आहे असं धरलंय."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी नव्हती."

मला वाटलं आता चिडतील. मी तर अर्ज करायचं ठरवूनच टाकलं होतं, कुठल्या खिडकीवर तेसुद्धा. थोरली म्हणाली, "बरोबर आहे. नव्हतेच मी. सहाव्या मजल्यावर होते."

धाकटी उठली, चाचपडत खिडकीशी गेली आणि खिडकी उघडली. मग म्हणाली, "जाऊबाई, आता ती पिशवी उघडा. कपडे फडताळात लावते."

थोरलीने पिशवीकडे बघितलं. पायाने हळूच पलंगाखाली सरकवली, बंद न सोडता. म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी परत फॉर्म आहे."

मग खुर्ची ओढून खिडकीशी बसली. धाकटी तिच्यापुढे खाली बसली आणि स्वेटरचं सगळ्यात वरचं बटण शोधायला लागली.

"कोण आहे गल्लीत?" तिने विचारलं.

"पोस्टमन," थोरली म्हणाली. धाकटीची बोटं थांबली. थोरली बघत राहिली, बघत राहिली. मग म्हणाली, "पुढे गेला. लाव तू."